एल निनो आणि ओलं लाकूड

न्यायशास्त्रात ‘उपाधी’ नावाची एक संकल्पना आहे. धूर दिसला की तिथे अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच का? तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी लाकूड ओलं हवं. हे ओलं लाकूड म्हणजे उपाधी. हवामानाच्या व्याख्यानात हे कुठून आलं, असं वाटेल. सांगतो.

पेरूचे कोळी नाताळच्या सुमारास किनाऱ्याशी येणाऱ्या उबदार प्रवाहाला ‘एल निनो’, म्हणजे बाळ येशू, म्हणत. आज हा शब्द आपण विषुववृत्तीय प्रशांत महासागर दर दोन ते सात वर्षांनी तापतो, त्यासाठी वापरतो. एरवी व्यापारी वारे उबदार पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. वारे मंदावले की ते पाणी पूर्वेकडे सरकतं, आणि पूर्वेचा समुद्र तापला की वारे आणखी मंदावतात. कारण कोणतं, कार्य कोणतं? दोघंही दोन्ही आहेत. बियर्कनेस यांनी 1969 साली हे मांडलं.

आता आपला प्रश्न. ‘एल निनो आला की भारतात दुष्काळ’ असं आपण म्हणतो. पण 1997चा एल निनो शतकातल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी, आणि त्या वर्षी मोसमी पाऊस सरासरीइतका झाला! 2002चा त्याच्यापेक्षा बराच सौम्य, तरी पाऊस सुमारे 19 टक्के कमी. मग उपाधी कोणती?

पृथ्वी एकच आहे हो, 1997 पुन्हा घडवून पाहता येत नाही. इथे मॉडेल कामाला येतं. वातावरणाचे लहान-लहान चौकोन पाडायचे आणि गती, उष्णता, बाष्प यांची समीकरणं प्रत्येकात सोडवायची. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले के. कृष्ण कुमार आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी तपासल्या. दुष्काळाच्या वर्षांत तापलेला पट्टा मध्य प्रशांतात होता. मग मॉडेलमध्ये त्यांनी समुद्र मुद्दाम वेगवेगळ्या जागी तापवून पाहिला. मध्य प्रशांत तापवला की भारतावर हवा खाली उतरते आणि पाऊस दबतो. पूर्वेकडे तापवला तर तसं होत नाही. 2006 साली हे ‘सायन्स’मध्ये आलं. म्हणजे समुद्र किती तापला यापेक्षा कुठे तापला, हे आपलं ओलं लाकूड.

विद्यार्थी विचारतात, ‘सर, यंत्रात जे घातलं तेच बाहेर येणार ना?’ पूर्णपणे नाही. दुष्काळ कोणी आत घातला नव्हता. पण शंका निरर्थकही नाही. ढग त्या चौकोनांपेक्षा लहान असतात, म्हणून त्यांच्यासाठी ढोबळ नियम घालावे लागतात, आणि तिथे माणसाचा अदमास शिरतो. वरच्या प्रयोगात समुद्राचं तापमान बाहेरून दिलेलं होतं. पुढच्या वर्षांचा अंदाज करताना समुद्रही मॉडेललाच घडवावा लागतो, आणि बऱ्याच मॉडेलांत प्रशांतातला थंड पाण्याचा पट्टा प्रत्यक्षापेक्षा जास्त पश्चिमेकडे पसरतो. चूक होते ती नेमकी जागेच्या बाबतीत.