करार, कलम आणि मराठवाडा

17 सप्टेंबर ही तारीख दोन दूरच्या इतिहासांत निर्णायक ठरली आहे. 1787 साली ह्या दिवशी फिलाडेल्फिया येथे अमेरिकेच्या राज्यघटनेवर 39 प्रतिनिधींच्या स्वाक्षऱ्या झाल्या. 1948 साली ह्याच दिवशी निजामाची राजवट संपुष्टात येऊन मराठवाडा मुक्त झाला. दरवर्षी ह्या दिवशी छत्रपती संभाजीनगरात हुतात्म्यांना अभिवादन होते आणि मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चाही नव्याने सुरू होते. मात्र त्या चर्चेत एक मूलभूत प्रश्न मागे पडतो. दुर्बल घटक सबळ घटकांबरोबर एका राज्यव्यवस्थेत सामील होतो, तेव्हा त्याच्या हिताची हमी कोणत्या स्वरूपात असावी?

अमेरिकेच्या घटनाकारांपुढे हाच पेच होता. 1781 च्या संघकरारानुसार प्रत्येक राज्यास एक मत होते. मध्यवर्ती सत्तेस कर बसविण्याचा अधिकार मात्र नव्हता. नवी सत्ता समर्थ करावयाची, तर तीत प्रतिनिधित्व लोकसंख्येनुसार असावे, असा व्हर्जिनियासारख्या मोठ्या राज्यांचा आग्रह होता. डेलावेअर, न्यू जर्सी ह्यांसारख्या लहान राज्यांना त्यात आपला लोप दिसत होता. अखेर 16 जुलै 1787 रोजी तडजोड झाली. कनिष्ठ सभागृहात लोकसंख्येनुसार जागा आणि सिनेटमध्ये प्रत्येक राज्यास समान मत. शिवाय, कोणत्याही राज्याच्या संमतीवाचून त्याचा हा समान अधिकार काढून घेता येणार नाही, असे घटनेतच नमूद झाले. लहान राज्यांचे संरक्षण मोठ्यांच्या औदार्यावर सोडले गेले नाही. नव्या घटनेला सर्वप्रथम, 7 डिसेंबर 1787 रोजी, मान्यता दिली ती चिमुकल्या डेलावेअरने, हे लक्षणीय आहे.

मराठवाड्याची वाटचाल निराळी झाली. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात निधीचे वाटप लोकसंख्येनुसार करण्याचे ठरले. मराठवाड्याच्या सर्वांगीण विकासाकडे विशेष लक्ष देण्याचे व त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याचेही मान्य झाले. 1956 साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने 371(2) हे कलम अवतरले. त्यात विकास मंडळे व निधीचे न्याय्य वाटप ह्यांची तरतूद आहे. परंतु त्यासाठी राज्यपालांवर विशेष जबाबदारी राष्ट्रपतींना सोपविता येईल, एवढेच ते कलम म्हणते. तो अधिकार आहे, कर्तव्य नव्हे. परिणामी प्रत्यक्ष मंडळे अस्तित्वात यावयास 1994 साल उजाडले. तत्पूर्वीच दांडेकर समितीने 1984 साली राज्यातील एकूण अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपये असल्याचे मोजून दाखविले होते. मंडळे झाली तीही मुदतीची. 30 एप्रिल 2020 रोजी ती मुदत संपली आणि पुनर्स्थापनेचा निर्णय घेण्यास राज्य मंत्रिमंडळाला सप्टेंबर 2022 पर्यंतचा काळ लागला. जे संरक्षण दर काही वर्षांनी मागून घ्यावे लागते, त्यास हमी म्हणणे कठीण आहे.

अर्थात, अमेरिकन तडजोड निष्कलंक नव्हती. त्याच घटनेने प्रतिनिधित्वाच्या गणतीत गुलामांची तीन-पंचमांश संख्या धरली. गुलामांना मात्र मताचा अधिकार नव्हता. त्यांच्या संख्येचे बळ त्यांच्या मालकांना मिळाले. प्रदेशाला मिळालेला न्याय माणसाला मिळतोच असे नाही, हा त्यातील धडा मराठवाड्यालाही लागू आहे. प्रदेशाच्या नावे आलेला निधी आष्टीच्या कोरडवाहू शेतकऱ्यापर्यंत किंवा भूमिहीन मजुरापर्यंत पोहोचला की नाही, हे प्रादेशिक सरासरीवरून कळत नाही.

म्हणून मागणी दुहेरी असावयास हवी. 371(2) मधील अधिकाराचे बंधनकारक कर्तव्यात रूपांतर व्हावे आणि मंडळे मुदतीच्या टांगणीवरून उतरवावीत. त्याचबरोबर निधीचा हिशेब तालुकानिहाय, लाभार्थी वर्गांसह, दरवर्षी विधानसभेपुढे यावा. मराठवाडा महाराष्ट्रात सामील झाला तो विश्वासाने. त्या विश्वासाचा मान राखावयाचा, तर त्याला घटनेत पक्के स्थान द्यावयास हवे.