अडवलेल्या पाण्याचा हिशेब

महाराष्ट्राच्या सुमारे ८२ टक्के भूभागाखाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट खडक आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि त्याखालच्या भेगांमध्ये. एकसंध पाषाणात पाण्याला फारशी जागा नसते. चार महिन्यांचा पाऊस उरलेल्या आठ महिन्यांना पुरवायचा, तर तो शिवारात अडवून जमिनीत मुरवण्यावाचून कोरडवाहू भागाला दुसरा मार्ग नाही. म्हणूनच गेल्या पन्नास वर्षांत मृद व जलसंधारण हा राज्याच्या नैसर्गिक संसाधन धोरणाचा कणा राहिला. त्यावर हजारो कोटी रुपये खर्च झाले आणि लाखो लोकांचे श्रम लागले. या खर्चातून आणि श्रमांतून किती पाणी हाती आले, ते किती दिवस टिकले आणि कोणाला मिळाले, याचा हिशेब मांडणे म्हणजे या धोरणाचे मूल्यमापन. झालेली कामे मोजणे सोपे असल्यामुळे आजवर तीच मोजली गेली. पाणी मोजणे अवघड आहे, पण धोरणाची खरी परीक्षा तिथेच होते.

मोजमापाची बदलती पट्टी

१९७२च्या दुष्काळात राज्यभर दुष्काळी कामे निघाली. त्यातून रोजगार हमी योजना आकाराला आली, १९७७मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९पासून तो अमलात आला. बांधबंदिस्ती, नालाबांध आणि पाझर तलाव ही कामे प्रामुख्याने हातांना काम देण्यासाठी काढली जात. साहजिकच यशाची पट्टी होती किती मनुष्यदिवस भरले ही. तलावातले पाणी कुठे पाझरले, याची नोंद ठेवणे कोणाकडेच सोपवलेले नव्हते.

१९८०च्या दशकात सुट्या कामांऐवजी संपूर्ण पाणलोट क्षेत्र हा घटक धरून ‘माथा ते पायथा’ काम करण्याचा विचार रुजला. डोंगरमाथ्यावर सलग समतल चर व झाडे, उतारावर बांधबंदिस्ती, ओघळीत दगडी बांध आणि शेवटी नाल्यावर सिमेंट बंधारा, असा हा क्रम असतो. पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत आणि नगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी ही उदाहरणे तोवर समोर आलेली होती. पुढे त्याच जिल्ह्यातील हिवरेबाजारने ती वाट अधिक शिस्तीने चालून दाखवली. १९९२मध्ये राज्यात जलसंधारणाचे स्वतंत्र खाते झाले. याच काळात फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. श्रमदान, चराईबंदी आणि गावाची संमती या त्याच्या अटी होत्या. या टप्प्यात मोजमाप ‘उपचारित हेक्टर’ असे होऊ लागले.

डिसेंबर २०१४मध्ये जलयुक्त शिवार अभियान जाहीर झाले. दरवर्षी पाच हजार गावे टंचाईमुक्त करायची आणि २०१९पर्यंत राज्य दुष्काळमुक्त करायचे, असे त्याचे उद्दिष्ट होते. अनेक खात्यांच्या योजना एका छत्राखाली आल्या, लोकवर्गणी उभी राहिली आणि जेसीबी-पोकलेन गावोगाव पोचले. आता हिशेब टंचाईमुक्त गावांचा आणि साठ्याच्या ‘टीसीएम’चा, म्हणजे हजार घनमीटरांचा, होऊ लागला. पण टीसीएमचा हा आकडा बहुतेक वेळा किती पाणी मावू शकेल ते सांगतो. पाणी प्रत्यक्ष किती आले आणि किती मुरले, ते त्यातून कळत नाही.

लेखापरीक्षणाने काय दाखवले

सप्टेंबर २०२०मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, म्हणजे ‘कॅग’चा, या अभियानावरील अहवाल विधिमंडळात मांडला गेला. ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च होऊनही गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजल पातळी वाढण्यावर अभियानाचा प्रभाव अल्प राहिला, असा त्याचा निष्कर्ष होता. नगर, बीड, बुलढाणा, नागपूर, नाशिक आणि सोलापूर या जिल्ह्यांतील १२० गावे तपासली गेली. त्यांपैकी ८३ गावांत निर्माण झालेला साठा पिण्याच्या आणि सिंचनाच्या गरजेला पुरेसा नव्हता.

अहवालावर मोठा आक्षेप आला तो नमुन्याच्या आकाराचा. अभियानात २२,५८६ गावे निवडली गेली होती, त्यामुळे १२० गावे म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. हा आक्षेप नीट तपासायला हवा. नमुना लहान असल्याने निष्कर्ष आपोआप चुकीचा ठरत नाही; गावे कोणत्या निकषाने निवडली हे अधिक महत्त्वाचे असते. पाऊसमान, खडक आणि पीकपद्धती यांचे गट पाडून प्रत्येक गटातून चिठ्ठी टाकून गावे घेतली, तर थोडक्या गावांवरूनही राज्याचे चित्र कळू शकते. शिवाय लेखापरीक्षणाचा मूळ प्रश्न वेगळा असतो. पैसा नियमाप्रमाणे खर्च झाला का आणि ठरवलेले उद्दिष्ट गाठले का, हे ते पाहते. योजना नसती तर त्या गावात काय घडले असते, या प्रश्नाचे उत्तर मूल्यमापनाने द्यायचे असते. योजनेबरोबरच ते न आखल्याची उणीव नंतरच्या कोणत्याही अहवालाने भरून निघत नाही.

पाऊस आणि योजना वेगळे कसे करायचे?

राज्याच्या मोठ्या भागात, विशेषतः मराठवाड्यात, २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षे अपुऱ्या पावसाची गेली. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच वर्षी पावसाळा चांगला झाला, विहिरी भरल्या आणि त्याचे श्रेय नव्या कामांना दिले गेले. २०१८मध्ये पावसाने पुन्हा ओढ दिली, १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि २०१९च्या उन्हाळ्यात टँकरची संख्या सहा हजारांपलीकडे गेली. तेव्हा त्याच कामांना अपयशाचा शिक्का बसला. हे दोन्ही निवाडे घाईचे होते, कारण दोन्हींत पावसाचा परिणाम कामांच्या खात्यावर मांडला गेला.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याचे दीड हजारांहून अधिक पाणलोट पाडले आहेत. तिच्या मूळ जाळ्यात सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी असून पुढे गावपातळीवरील विहिरींचीही त्यात भर पडली. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा त्यांची पातळी घेतली जाते. कर्मचारी विहिरीच्या ठरलेल्या खुणेपासून टेप सोडतो, पाण्यापर्यंतचे अंतर वाचतो आणि त्यातून काठाची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली नोंदवतो. ऑक्टोबरची नोंद पावसाळ्यात किती भर पडली ते सांगते, तर मेची नोंद उपसा होऊन काय उरले ते. जलसंधारणाच्या यशाची साक्ष खरे तर या दोन नोंदींच्या जोडीत असते. ऑक्टोबरची पातळी वर आली आणि मेची होती तिथेच राहिली, तर जास्तीचे पाणी मुरले आणि तितकेच उपसलेही गेले, असा त्याचा अर्थ.

या पातळीची तुलना सामान्यतः मागील पाच वर्षांच्या सरासरीशी केली जाते. या पद्धतीत एक अडचण आहे: मागची पाच वर्षे कोरडी असतील, तर साधारण पावसाचे वर्षही प्रगतीचे दिसते. त्यामुळे दोन दुरुस्त्या आवश्यक ठरतात. समान पावसाच्या वर्षांचीच आपसांत तुलना करावी, ही पहिली. काम झालेल्या गावाशेजारी तसाच उतार, तसाच खडक आणि तशीच पिके असलेले, पण काम न झालेले गाव तुलनेला घ्यावे, ही दुसरी. दोन्ही गावांत पाऊस तोच असल्यामुळे पातळीत जो फरक उरतो, त्याचे श्रेय कामांना देता येते. मूळ जाळ्यात एका पाणलोटाच्या वाट्याला सरासरी दोन-तीनच विहिरी येतात. एवढ्यावरून एखादे गाव टंचाईमुक्त झाले की नाही हे ठरवता येत नाही. त्यासाठी गावातल्याच विहिरी मोजाव्या लागतात.

एक मीटरचे गणित

‘पाणीपातळी एक मीटरने वाढली’ हे वाक्य मोठे वाटते. झिजलेल्या बेसॉल्टमधून निचरून हाती येणारे पाणी मात्र त्याच्या आकारमानाच्या साधारण एक ते तीन टक्केच असते. दोन टक्के धरले, तर एका हेक्टरखाली पातळी एक मीटर वाढली म्हणजे २०० घनमीटर पाणी वाढले. शंभर हेक्टर शिवारात ही वाढ झाली, तर हाती येते २०,००० घनमीटर, म्हणजे २० टीसीएम.

एक किलोमीटर लांब, दहा मीटर रुंद आणि दोन मीटर खोल केलेल्या नाल्यात एका भरण्याला तेवढेच पाणी मावते. पाटपाण्यावरच्या एक हेक्टर उसाला वर्षभरात लागणारे पाणीही साधारण तेवढेच, किंबहुना थोडे अधिक. याच पाण्यावर हरभऱ्याला प्रत्येकी सहा सेंटिमीटरची दोन पाणी दिली, तर सोळा हेक्टरांपर्यंत पीक निघते. शंभर हेक्टरांतले जलसंधारण एका हेक्टरच्या उसात संपू शकते, हे ध्यानात घेतले की मागणीकडे न पाहता केवळ पुरवठ्यावर आखलेले धोरण अपुरे का पडते, ते कळते.

शेततळ्यांचा अनुभव हेच सांगतो. पावसाचे वाहते पाणी साठवून पिकाला एखादे संरक्षित पाणी देता यावे, ही शेततळ्याची मूळ कल्पना. अनेक ठिकाणी मात्र तळ्याला प्लास्टिकचे अस्तर लावून विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मोटारीने त्यात भरले जाते. भूगर्भात सामाईक असलेले पाणी उपसून एका मालकाच्या तळ्यात येते आणि तिथून त्याची वाफ होत राहते. कामाच्या यादीत असे तळे जलसंधारण म्हणून मोजले जाते. पाण्याच्या ताळेबंदात मात्र ते उपशाच्या बाजूला मांडायला हवे.

यंत्राचा वेग आणि कामाचा दर्जा

जलयुक्त शिवारात नाला खोलीकरण-रुंदीकरणाला मोठी मागणी आली. काम लवकर होते, डोळ्यांना दिसते आणि पहिल्याच पावसात पाणी तुंबलेले पाहून गाव सुखावते. धुळे जिल्ह्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी राबवलेला ‘शिरपूर पॅटर्न’ यामागची प्रेरणा होता. तिथल्या भूस्तराचा अभ्यास करून खोलीकरणाची मर्यादा ठरवली गेली होती. ती पद्धत सरसकट उचलल्यावर धोका निर्माण होतो. मुरमाच्या धारक थराखालपर्यंत खोदले, तर आजूबाजूच्या शिवारात मुरलेले पाणी नाल्यात निथळून येते आणि उन्हात आटते. माथ्यावरचे उपचार न करता थेट नाला खोदला, तर दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. म्हणून मूल्यमापनात काम झाले का, एवढेच पाहून भागत नाही. काम योग्य जागी झाले का, माथ्यापासून झाले का, आणि पाच वर्षांनी ते उपयोगी स्थितीत आहे का, हेही तपासावे लागते. देखभालीचा निधी आणि जबाबदारी ठरलेली नसेल, तर बंधारा कागदावर उभा राहतो आणि नाल्यात फुटतो.

पाणी कोणाचे, कोणासाठी?

वरच्या अंगाला अडवलेले पाणी खालच्या अंगाचे कमी होते. एका गावाचा लाभ दुसऱ्याच्या वाट्यातून आला असेल, तर संपूर्ण खोऱ्याच्या दृष्टीने नवे काही मिळत नाही. म्हणून हिशेब गावाच्या शिवेवर न थांबता पाणलोटाचा आणि पुढे उपखोऱ्याचा मांडावा लागतो. गोदावरी खोऱ्यात वरची धरणे आणि जायकवाडी यांच्यातील समन्यायी वाटपासाठी १५ ऑक्टोबरचा साठा आणि ६५ टक्क्यांचा निकष वापरला जातो. त्याच खोऱ्यात लहान बंधाऱ्यांमध्ये अडणाऱ्या पाण्याचीही बेरीज धरली जायला हवी.

गावातही लाभ सारखा पोचत नाही. नाल्याकाठी विहीर असलेल्याला पाणी लगेच मिळते, माथ्यावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला थोडे, भूमिहीनाला जवळजवळ नाहीच. चराईबंदीचा भार मात्र शेळ्या-मेंढ्यांवर पोट असणाऱ्यांवर पडतो. पाणी पंचायतीने या प्रश्नाचे सर्वांत धीट उत्तर दिले होते: पाण्याचा हक्क जमिनीला न जोडता माणशी द्यायचा, प्रत्येकी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढा. भूमिहीनालाही वाटा होता आणि ऊस बंद होता. हिवरेबाजारने दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यानुसार पिके ठरवायची, अशी घडी बसवली. सिंचनासाठी बोअर घ्यायची नाही, हा नियमही पाळला. या दोन्ही ठिकाणचे यश बंधाऱ्यांइतकेच नियमांचे आहे. राज्याचा भूजल कायदा २००९मध्ये झाला आणि २०१४पासून लागू झाला. त्यात खोल विहिरींवर ६० मीटरची मर्यादा आहे, पण गावाचा निर्धार पाठीशी नसेल तर असे कलम शिवारापर्यंत पोचत नाही.

पुढची वाट

नेमके मूल्यमापन करण्याजोगी साधने आज राज्यात आहेत. ‘महावेध’ची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळापर्यंतचा पाऊस नोंदवतात. उपग्रह चित्रांवरून रब्बी आणि उन्हाळी पिकांखालचे क्षेत्र काढता येते. मुख्यतः विदर्भ-मराठवाड्यातील पाच हजारांवर गावांसाठी आखलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आयआयटी मुंबईने गावनिहाय पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत तयार करून दिली. २०१९ साली सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत तर निधीच परिणामांशी जोडला गेला: भूजलाची माहिती खुली करणे, गावाचे जलसुरक्षा आराखडे करणे आणि पातळीची घसरण रोखणे यांवर पैसे अवलंबून ठेवले गेले.

जलयुक्त शिवारचा दुसरा टप्पा २०२२च्या अखेरीस जाहीर झाला. त्याला आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक योजनेला काही अटी पहिल्या दिवसापासून लागू व्हायला हव्यात. काम सुरू होण्याआधी दोन वर्षांच्या विहिरींच्या नोंदी आणि पीकक्षेत्र पायाभूत माहिती म्हणून जमा असावे. तुलनेची गावे आधीच ठरलेली असावीत. मोजणी काम करणाऱ्या खात्याने न करता त्रयस्थ संस्थेने करावी, आणि ती किमान एक कोरडे व एक ओले वर्ष पाहून पूर्ण व्हावी. मे महिन्यातली पातळी, टँकरचे दिवस, पिकांचा बदल आणि लाभाचे वाटप ही चार मोजमापे प्रत्येक अहवालात असावीत. तो अहवाल मंत्रालयात जाण्याआधी ग्रामसभेत वाचला जावा, कारण विहिरीला कधीपर्यंत पाणी होते हे गावाइतके नेमके कोणालाच ठाऊक नसते. या कसोट्यांवर जे उपचार टिकतील त्यांना निधी वाढवावा आणि जे टिकणार नाहीत ते बंद करावेत. पुढचा निर्णय बदलण्यासाठीच मूल्यमापन करायचे असते.