नवा लॅपटॉप, तीच तक्रार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नवी वस्तू बिघडली की आपण आधी नशिबाला दोष देतो. हळदकुंकू वाहून, पेढे वाटून घरात आणलेला लॅपटॉप पंधरा दिवसांत बंद पडतो. सर्व्हिस सेंटरवाले हार्ड डिस्क बदलून देतात. महिन्याभरानं स्क्रीन काळी होते, मग मदरबोर्ड बदलला जातो. दिवाळीच्या सुट्टीत मुलाला प्रोजेक्ट पुरा करायचा असतो, तेव्हा लॅपटॉप तिसऱ्यांदा सर्व्हिस सेंटरात असतो. ‘आपल्याला पीसच खराब मिळाला’ असं म्हणून घरची मंडळी गप्प बसतात. इकडे एक वर्षाची वॉरंटी मात्र संपत आलेली असते, कारण बहुतेक कंपन्यांच्या अटींनुसार दुरुस्तीच्या काळात वॉरंटीचं घड्याळ थांबत नाही.

मंडळी, हा प्रश्न नशिबाचा नाही. यंत्र पुन्हा पुन्हा बिघडण्याला कारणं असतात आणि अशा वेळी काय करायचं याची एक रीतही असते.

यंत्रांच्या टिकाऊपणाचा अभ्यास करणारे अभियंते एक आलेख काढतात. त्याचा आकार आंघोळीच्या टबासारखा दिसतो, म्हणून त्याला ‘बाथटब कर्व्ह’ म्हणतात. सुरुवातीला बिघाडाचं प्रमाण जास्त, मग बराच काळ कमी आणि वस्तू म्हातारी झाली की पुन्हा जास्त. कारखान्यात एखादा डाग कच्चा बसला असेल, एखादी चिप सदोष असेल, तर ती पहिल्या काही आठवड्यांतच दगा देते. म्हणजे नवा लॅपटॉप एकदा बिघडणं हे काही आक्रीत नाही. कमकुवत भाग बदलला की यंत्रानं सुरळीत चालायला हवं. ते चालत नसेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

पहिली शंका म्हणजे रोग एक आणि औषध दुसरं. रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती, सदोष असेल तर डिस्कवर चुकीची माहिती लिहिली जाते, फाइल्स खराब होतात. वरवर पाहणाऱ्याला वाटतं, डिस्कच गेली. डिस्क नवी बसते, दोष आतच राहतो.

दुसरी शंका उष्णतेची. धातू तापला की प्रसरण पावतो, निवला की आकसतो. सोल्डरच्या डागाला केसाएवढी चीर असेल, तर यंत्र तापल्यावर ती उघडते आणि थंड झाल्यावर मिटते. घरी दोन तास काम केल्यावर बंद पडणारा लॅपटॉप सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर दहा मिनिटं झकास चालतो. मग कागदावर शेरा पडतो, ‘दोष आढळला नाही’.

तिसरी गोष्ट बदललेल्या भागाची. वॉरंटीत बसवलेला भाग कोरा करकरीत असतोच असं नाही. दुरुस्त करून तपासलेला जुना भाग बसवण्याची मुभा अनेक कंपन्या वॉरंटीच्या अटींतच ठेवतात.

चौथं कारण सगळ्यांत अवघड, ते म्हणजे रचनेतलाच दोष. ॲपल कंपनीनं 2015 साली आपल्या मॅकबुकमध्ये ‘बटरफ्लाय’ नावाचा अतिशय पातळ कीबोर्ड आणला. बटणांखाली बारीक कण गेला तरी ती अडकत किंवा एकदा दाबली की दोनदा उमटत. कीबोर्ड बदलला तरी नवा त्याच रचनेचा, त्यामुळे तक्रार परत येई. जून 2018मध्ये कंपनीनं खरेदीपासून चार वर्षांपर्यंत मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली आणि 2019च्या अखेरीपासून ती रचना सोडायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. 2022 साली तो 5 कोटी डॉलर देऊन मिटवण्यात आला. एकेकट्याची तक्रार ‘तुमचा पीस’ म्हणून बाजूला पडते, नोंदी साठल्या की तीच रचनेचा दोष ठरते.

कंपनीला जाब विचारण्याआधी आपलं घरही तपासावं. अर्थिंग ठीक आहे ना? लॅपटॉप गादीवर ठेवून हवा जाण्याची वाट बुजवली जात नाही ना? लॅपटॉपचे ॲडॉप्टर साधारण 100 ते 240 व्होल्टपर्यंत दाब घेतात, पण वीज जाऊन परत येताना बसणारा धक्का वेगळा. हे प्रश्न पुढे समोरचा पक्ष विचारणारच आहे, म्हणून उत्तर आधी तयार असावं.

आता करायचं काय? दुकानातून आणल्यावर पहिल्या आठवड्यातच लॅपटॉप भरपूर वापरा. सलग काही तास चालवा, कॅमेरा, स्पीकर, सगळी बटणं, चार्जिंग पाहून घ्या. वस्तू सरळ बदलून देण्याची मुदत बहुतेक ठिकाणी थोड्याच दिवसांची असते. विंडोजमध्ये स्मृती तपासण्याची सोय असते, ती एकदा चालवून पाहा.

बिघाड झाला, तर तो होत असतानाच मोबाइलवर त्याचं चित्रण करा. दुरुस्तीला देण्याआधी आपली कागदपत्रं आणि फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, कारण डेटाची जबाबदारी सहसा कोणी घेत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक वेळी जॉब शीट घ्या. ‘चालत नाही’ एवढंच लिहू देऊ नका. ‘दीड तास वापरल्यावर आपोआप बंद होतो, आतापर्यंत पाच वेळा झालं’ असं लिहायला लावा. परत घेताना कोणता भाग बदलला, त्याचा क्रमांक काय, लॅपटॉप किती दिवस त्यांच्याकडे होता, हे कागदावर येऊ द्या. फोनवरचं गोड आश्वासन पुरावा होत नाही, पण पाच जॉब शीट्सची चळत बरंच बोलते.

तिसऱ्या दुरुस्तीनंतरही तक्रार राहिली, तर आता दुरुस्ती नको, वस्तू बदलून द्या किंवा पैसे परत करा, अशी लेखी मागणी करा. पत्र विक्रेता आणि कंपनी दोघांनाही पाठवा, ईमेलनं आणि स्पीड पोस्टानं. ऑनलाइन खरेदी असेल, तर त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच देणं आणि एक महिन्यात तक्रार निवारणं 2020च्या नियमांनी बंधनकारक आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी पाहून दबकू नका. बिलात मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष माल 30 दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

इथंही दाद लागली नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ही हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, पण कंपनीशी बोलून बऱ्याचदा मार्ग निघतो. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, ज्याला आपण पूर्वी ग्राहक मंच म्हणत होतो. 2019चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020पासून लागू झाला आणि एक मोठी सोय झाली. दुकान पुण्यात आणि कंपनीचं कार्यालय बेंगळुरूला असलं, तरी चिपळूणच्या ग्राहकाला चिपळूण ज्या जिल्ह्यात आहे तिथंच तक्रार करता येते. 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते, त्यासाठी 2025पासून ‘ई-जागृती’ हे संकेतस्थळ आहे.

आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. दोष सिद्ध झाला, तर दुरुस्ती, बदली वस्तू, पैसे परत आणि नुकसानभरपाई यांपैकी योग्य तो आदेश देऊ शकतो. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो हेही सांगितलं पाहिजे. दोन पथ्यं मात्र पाळा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाद मागा. आणि लॅपटॉप मोठ्या व्यवसायासाठी घेतला असेल, तर ग्राहक म्हणून हक्क मिळत नाही, हे लक्षात ठेवा. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी घेतला असेल, तर मिळतो.

लॅपटॉप हा आज कित्येक घरांत दोन-तीन महिन्यांच्या पगाराचा ऐवज असतो. सोनाराकडून दागिना घेताना आपण पावती जपून ठेवतो, वजन पाहतो. तेवढीच काळजी इथं घ्यावी. पहिलं बिल आणि पहिली जॉब शीट आजच एका फायलीत लावून ठेवा, पुढची सगळी लढाई त्या फायलीवरच लढली जाते.