मुधोळकर मुधोळात सापडत नाहीत

मोडी वाचनाला या आठवड्यात हात घालायचे ठरले होते. ते पुढच्या खेपेला. मागच्या लेखावर हदगावकडच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न आधी निकाली काढायला हवा. पणजोबांच्या पलीकडे कागद मिळत नसेल, तरी आडनाव आहेच की, असे त्यांचे म्हणणे. मूळ गाव आडनावातच लिहिलेले आहे. त्या गावी जावे, चार म्हाताऱ्यांना विचारावे, मूळपुरुष सापडेल. मग एवढी दप्तरे धुंडाळण्याचा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे आणि बहुतेक घरांतला शोध असाच सुरू होतो. माझे म्हणणे मात्र नेमके उलटे आहे. आडनाव हा या कामातला सगळ्यात कच्चा पुरावा. पूर्वजांचे गाव त्या साली कोणत्या तालुक्यात, कोणत्या जिल्ह्यात आणि कोणाच्या अमलाखाली होते, ही हद्द आधी ठरवावी लागते. कागद कुठल्या कचेरीत असेल ते हद्दीवरून कळते, आडनावावरून नाही.

मुधोळकर हेच आडनाव घेऊ. मुधोळात राहणाऱ्याला मुधोळकर म्हणायचे कोणाला कारणच पडत नाही. तो गाव सोडून भोकरला किंवा हदगावला आला, की नव्या गावचे लोक त्याला जुन्या गावावरून हाक मारू लागतात. त्यामुळे मुधोळला जाऊन ‘आमचे मुधोळकर कुठे राहायचे?’ असे विचारणाऱ्याच्या पदरी बहुधा काही पडत नाही. त्याचे पूर्वज तिथे दुसऱ्याच नावाने ओळखले जात होते. दुसरे असे, की हे आडनाव फक्त शेवटचा मुक्काम सांगते. त्याआधी दोन पिढ्या कुटुंब आणखी कुठून आले असेल, तर त्याचा मागमूसही त्यात राहत नाही. आणि मुधोळ तरी एक कुठे आहे? एक आपले, बासरच्या शेजारचे. दुसरे कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात, घोरपड्यांच्या संस्थानाचे. पाटील, देशमुख, कुलकर्णी या नावांबद्दल तर बोलायलाच नको. ती वतनाची नावे, गावोगाव वेगवेगळ्या घराण्यांना चिकटलेली. त्यात कोणी दत्तक गेला की आडनाव बदलले आणि रक्ताचा धागा भलत्याच घराच्या नावाखाली गेला. हे आपल्याकडेच होते असे नाही. जर्मनीत वेस्टफालिया भागात शेतवाडीला नाव असे, आणि त्या वाडीवर घरजावई म्हणून आलेला पुरुष आपले नाव टाकून वाडीचे नाव लावी. अमेरिकेत बसून जर्मन पणजोबा शोधणारे तिथेच अडखळतात.

आता हद्दीकडे येऊ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, हे शाळेत शिकवतात. पण तो सगळा आला नाही. मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आंध्रात गेली. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळेही गेली. बदल्यात आदिलाबादचा किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ आपल्याकडे आले. मुधोळ आज तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यात आहे. म्हणजे १९५० च्या एखाद्या कागदावर ‘मुधोळ, जिल्हा नांदेड’ असे लिहिलेले असेल, तर ते खरेच आहे, पण आज नांदेडच्या कचेरीत मुधोळचे दप्तर मागून उपयोग नाही. किनवटच्या माणसाचे याच्या उलट. त्याच्या आजोबांच्या कागदावर जिल्हा आदिलाबाद असतो, आणि घरचे लोक समजतात की आपण तेलंगणातून आलो. आले कोणीच नाही, हद्द त्यांच्या अंगावरून गेली. लातूरकडे हाच घोळ बीदरच्या नावाने होतो. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात, मग उस्मानाबादेत, आणि १९८२ पासून लातुरात.

या बाबतीत लक्झेंबर्गवाल्यांचा दाखला फार बोलका आहे. हा चिमुकला मुलूख १८१५ मध्ये कातरला गेला, पूर्वेची पट्टी प्रशियाला मिळाली. १८३९ मध्ये पुन्हा कातरला गेला, पश्चिमेचा मोठा भाग बेल्जियमकडे गेला. उरलेल्या भागाचा ग्रँड ड्यूक १८९० पर्यंत नेदरलँड्सचा राजाच होता, आणि १८६६ पर्यंत तो मुलूख जर्मन राज्यसंघातही मोडत होता. तिथले शेतकरी अमेरिकेत गेले तेव्हा शिरगणतीच्या कारकुनाने कोणाला जर्मन लिहिले, कोणाला प्रशियन, कोणाला हॉलंडचा. विस्कॉन्सिनमध्ये बेल्जियम नावाचे एक गाव आहे, आणि ते वसवले लक्झेंबर्गच्या लोकांनी! नावावर विसंबून बेल्जियमची दप्तरे चाळणारा तिथे किती काळ घालवेल? जाणकार संशोधक आधी गाव पक्के करतो, मग त्या सालची हद्द पाहतो. फ्रेंच अमलात, १७९० च्या दशकात सुरू झालेल्या जन्म-विवाह-मृत्यूच्या वह्या लक्झेंबर्गमध्ये गाववार लावलेल्या आहेत. तिथे गाव कळले तर सगळे कळते.

आपल्याकडची सगळ्यात दुर्लक्षित हद्द म्हणजे पैनगंगा. हदगावहून उमरखेडला आज आपण गप्पा संपायच्या आत पोचतो. पण वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाने इंग्रजांच्या ताब्यात दिला, तेव्हापासून या नदीच्या दोन काठांवर दोन दफ्तरखाने झाले. अलीकडे निजामाची कचेरी, आधी फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू. पलीकडे इंग्रजी अंमल आणि मराठी नोंदी. उमरखेड तेव्हा पुसद तालुक्यात आणि पुसद वाशीम जिल्ह्यात; १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडला आणि पुसद यवतमाळला जोडला गेला. सोयरिकींनी मात्र ही हद्द कधी मानली नाही. हदगावच्या घरात उमरखेड-महागावकडची सून, हे नेहमीचेच. आणि पहिले बाळंतपण माहेरी! म्हणजे हदगावच्या घराण्यातला थोरला मुलगा पैनगंगेपलीकडे जन्मला असण्याची शक्यता मोठी, आणि त्याची जन्मनोंद झालीच असेल तर ती आजोळच्या कोतवाल बुकात. हदगावात वडिलांच्या नावाने शोधून हात टेकलेल्यांनी आजीचे माहेर विचारावे. त्या बुकात बहुधा बाळाचे नावही नसते, कारण बारशाआधीच नोंद होई : तारीख, बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’, एवढेच. ही तारीख शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्याशी जुळेलच असे नाही. गुरुजींनी अंदाजाने १ जून किंवा १ जुलै टाकलेले निम्मे गाव असते, म्हणून साल जुळले आणि बापाचे नाव जुळले तर पुढे जावे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, मराठवाड्यातले दप्तर रझाकारांच्या धामधुमीत गेले, मग हद्द कळून काय करायचे? गावचे दप्तर पटवाऱ्याच्या घरी असे, त्यामुळे काही ठिकाणी ते गेलेही असेल. पण महसुलाचा कागद एका घरात संपत नाही. तो तहसिलीत जातो, जिल्ह्याला जातो, हैदराबादला जातो. निजामी कारभाराचा मोठा संग्रह आजही हैदराबादेत तारनाक्याच्या अभिलेखागारात आहे. तिथे तालुक्याचे आजचे नाव सांगून भागत नाही, त्या सालचा जिल्हा सांगावा लागतो. हद्दीचा अभ्यास कामी येतो तो इथेच. कागदावर साल फसली असेल तर त्यात ५९० मिळवावेत : १३२२ फसली म्हणजे ऑक्टोबर १९१२ पासूनचे वर्ष.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या निमित्ताने घराघरांत जुने उतारे निघाले. प्रमाणपत्राला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा एक पुरावा पुरतो, मग शंभर वर्षे मागे कशाला जायचे? गरज तेवढीच असेल तर जाऊ नये. लक्झेंबर्गनेही २००८ च्या कायद्याने १ जानेवारी १९०० रोजी लक्झेंबर्गचा नागरिक असलेल्या पूर्वजाच्या वंशजांना नागरिकत्व परत घेण्याची सवलत दिली होती. तिथेही पूर्वज ठरलेल्या तारखेला नागरिक होता एवढे सिद्ध झाले की अर्जाचे काम भागत असे. पण प्रमाणपत्राच्या फायलीत लावलेला तो एक उतारा नीट वाचावा. त्यावर गाव आहे, तालुका आहे, जिल्हा आहे, आणि हे तिन्ही आजचेच असतील असे नाही. आता मोडी पुढच्या आठवड्यात. ज्यांच्याकडे मोडीतला एखादा कागद असेल त्यांनी तो समोर ठेवूनच तो लेख वाचावा.