राखणारा कुत्रा आणि हाकणारा कुत्रा

शेळ्यांसाठी विलायती मेंढपाळ कुत्रा घ्यावा काय, अशी पृच्छा उत्तन, डोंगरी, राई या भागांतील काही शेळीपालक बंधूंनी केली आहे. मीरा-भाईंदरच्या शहरभागात तो हौसेनेही आणला जातो.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येणाऱ्या धनगरांच्या वाड्यावरील कुत्रा हा राखणारा होय. रात्री वाघरीभोवती फिरून तो लांडग्याची व चोराची चाहूल देतो. मेंढ्या हाकण्याचे काम धनगर स्वतःच काठीने व आरोळीने करतो. इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरील बॉर्डर कॉली मात्र हाकणारा. पळत्या जनावरास वळसा घालणे, नजरेने दबविणे व गोळा करून धन्याकडे आणणे हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने त्याच्या रक्तात मुरविलेले आहे. अल्सेशियन ऊर्फ जर्मन शेफर्ड हाही मूळचा मेंढ्यांवरचाच.

अशा कुत्र्यास काम न मिळाल्यास तो ते स्वतः शोधतो. प्रस्तुत लेखकाने एका घरी हे पाहिले. चार शेळ्या, लहानसे अंगण आणि दिवसभर साखळीला बांधलेला दहा महिन्यांचा कॉली. एकदा सुटताच त्याने शेळ्यांना धाप लागेपर्यंत गोल फिरविले. त्यांतील गाभण शेळी पुढे दोन दिवसांत गाभडली. नंतर धावत्या मुलाच्या टाचेस दात लागला. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन मुलास त्वरित लस देण्यात आली, हे योग्यच झाले; कुत्र्यास लस टोचलेली असली तरी यात हयगय करू नये. घरधनी कुत्र्यास दोष देत होते. त्याला रोज फिरविणार कोण, असे घरातील वृद्ध मातोश्रींनी विचारले, तेव्हा सर्वजण गप्प झाले.

तोच प्रश्न पिल्लू आणण्यापूर्वी विचारावयास हवा. दोन्ही वेळा मिळून निदान दीड-दोन तासांची धाव, तीही बारा-चौदा वर्षे. दाट केसांच्या या जातीस किनाऱ्यावरील दमट उन्हाळा सोसत नाही, म्हणून फिरविणे पहाटे व सूर्यास्तानंतरच. पावसाळ्यात गोचीड रोज हाताने पाहावे लागतात.

चार-पाच शेळ्यांना हाकणारा कुत्रा लागतच नाही. काशीमिरा भागात, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगत, बाहेर बांधलेला कुत्रा हेच बिबट्याचे भक्ष्य ठरते. तेथे भक्कम दाराचा गोठा अधिक उपयोगी. केवळ राखण हवी असल्यास गावठी पिल्लू दोन महिन्यांचे झाल्यावर आणावे व तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचून घ्यावी.

वरील घरचा कॉली अद्याप तेथेच आहे. थोरला मुलगा त्यास पहाटे किनाऱ्यावर पळवितो. शेळ्या सोडण्याच्या वेळी मात्र त्यास आत घेतात.