दोन ओळी आणि दोघींचा खुंटा

"आम्हाला कुठे गाता येतं हो ताई!" बचत गटाच्या कामासाठी कर्जत-खालापूरच्या गावांतून फिरताना हे वाक्य मी नेहमी ऐकते. क्लास नाही, पेटी नाही, वेळ तर नाहीच नाही. मग कसलं गाणं?

पण मैत्रिणींनो, आपल्या आज्या-पणज्यांकडे तरी काय होतं? एक जातं! पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्याला दोघींचे हात. दगड जड, दम अपुरा. म्हणून ओवी दोनच ओळींची. त्यात भाऊ, माहेर, सासुरवास, विठोबा सगळं बसवायचं. शब्द कमी पडला की 'ग बाई' घालून चाल पुरी करायची. एकीला धाप लागली की दुसरीने उचलायचं. ताल धरायला तबलजी नको, जात्याची घरघर पुरे. जे चारचौघांत बोलायची सोय नव्हती, ते जात्यापाशी बोलता यायचं. अडचणीतूनच गाण्याला घाट आला आणि समोरच्या जोडीदारणीमुळे ते पुढे सरकलं.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायकांना सोबत घेऊन अशा ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक भरल्या! आपल्या घाटाच्या वरच्या अंगाला असलेल्या मावळ-मुळशीतल्या बायकांच्याही त्यांत आहेत. 'पारी' या संकेतस्थळावर त्या गाणारणीच्या आणि गावाच्या नावासकट ऐकायला मिळतात. ज्यांना कुणी कलावंत म्हटलं नाही, त्यांची ही ठेव.

मोठ्या कलावंतांचं तरी वेगळं कुठे आहे? 'गीतरामायण' आठवा. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं. दर आठवड्याला नवं गीत हवंच! गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, वादकांनी साथ करायची आणि माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा गायकांनी आवाज द्यायचा. वर्षभरात अशी ५६ गीतं झाली. मनासारखं जमेपर्यंत थांबू, असं म्हणायला सवडच नव्हती.

आमच्या भजनी मंडळातही हेच अनुभवते. कुणी खोपोलीच्या कारखान्यातून दमून येते, कुणाला स्वयंपाकाची घाई. पेटी एकच, वेळ जेमतेम तासभर. काळी पाचच्या पट्टीत म्हाताऱ्यांचा आवाज पोचेना, म्हणून आम्ही काळी तीन धरली. ज्यांना वरचा सूर झेपत नाही, त्या धृपद धरतात; तरुण मुली अंतरा उचलतात. कुणालाच पूर्ण भजन एकटीने म्हणता येत नाही, पण सगळ्यांचं मिळून मात्र छान रंगतं. शिवाय घरी ज्यांचं कुणी ऐकत नाही, त्यांचा आवाज इथे नसला तर चुकल्यासारखं होतं.

आता लग्नात डीजे आणि हातात मोबाईल. हवं ते गाणं क्षणात वाजतं, पण त्यात आपला आवाज कुठे असतो? पुढच्या हळदीकुंकवाला गाणं लावण्याआधी शेजारणीला विचारा, "तुझ्या आजीची एखादी ओवी आठवते का ग?" नाहीच आठवली, तर एक ओळ तिने रचावी, दुसरी तुम्ही जोडावी. दोनच तर ओळी लागतात!