फुगा फुगलाच नाही तर...?

टॉप व्हेरियंट घेतलं, बॉनेटचा चेंदामेंदा झाला आणि एअरबॅग मात्र ढिम्म! हा गाडीचा दोष की गाडीचं डिझाइन? आणि ते ठरवायचं कोणी?

'सर, सहाच्या सहा एअरबॅग्ज आहेत!' शोरूममधला एक्झिक्युटिव्ह हे वाक्य टाकतो आणि निम्मं डील तिथंच पक्कं होतं. सनरूफ हौसेसाठी, टचस्क्रीन मित्रांना दाखवण्यासाठी. एअरबॅग म्हणजे मात्र घरच्यांना द्यायचं उत्तर. 'काळजी करू नका, सेफ गाडी आहे.'

आणि मग एखाद्या वीकएन्डला एक्स्प्रेस-वेवर गाडी पुढच्या ट्रकवर आदळते. बॉनेट चेपतं, काच फुटते, पण फुगा काही बाहेर येत नाही. वर्कशॉपमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं, 'सर, इम्पॅक्टचा अँगल बरोबर नव्हता.' म्हणजे कपाळावर टाके आपल्या, ईएमआय आपला आणि अँगलही आपलाच चुकला! चीड येणारच. गंमत अशी, की हे उत्तर कधी कधी शंभर टक्के खरं असतं. आणि कधी कधी ती निव्वळ पळवाट असते. दोन्हींतला फरक कळणं महत्त्वाचं.

पापणी लवण्याआधी

एअरबॅग काही नुसत्या ठोकरीनं उघडत नाही. गाडी किती झटक्यात थांबली, हे सेन्सर मोजतात. तो आकडा गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरकडे जातो. 'हा खड्डा नाही, स्पीडब्रेकर नाही, खरी धडक आहे,' असं त्याला पटलं, की इन्फ्लेटरमधलं रसायन पेटतं, गॅस तयार होतो आणि पिशवी फुगते. हा सगळा खेळ सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात आटोपतो. आपली पापणीसुद्धा इतक्या लवकर लवत नाही.

त्यामुळे किती पत्रा चेपला, यावर एअरबॅग ठरत नाही. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीच्या माहितीनुसार, टणक भिंतीवर ताशी १६ ते १९ किलोमीटर वेगानं आदळल्याइतका धक्का असेल, तर बेल्ट न लावलेल्या माणसासाठी पुढची एअरबॅग उघडते. बेल्ट लावला असेल, तर हा आकडा साधारण २५ पर्यंत जातो, कारण तेवढ्या धक्क्याला बेल्ट पुरेसा असतो. उभ्या कारला धडकलात, तर दोन्ही गाड्या चेपतात आणि धक्का वाटला जातो. बाजूनं कोणी ठोकलं किंवा मागून आपटलं, तर पुढच्या एअरबॅगचं काही काम नसतं.

सगळ्यात वाईट केस ट्रकची. ट्रकचा मागचा भाग उंच असतो. कारचा बंपर त्याच्या खाली घुसतो आणि मार बसतो तो काचेला नि छताला. पुढच्या सेन्सर्सना हवा तसा धक्का मिळतच नाही. अशा वेळी एअरबॅग उशिरा उघडू शकते किंवा अजिबात उघडत नाही. 'अँगल'चं उत्तर इथं खरं असू शकतं.

जेव्हा दोष कंपनीचा असतो

पण दर वेळी नाही! जनरल मोटर्सचं प्रकरण आठवा. २०१४ मध्ये अमेरिकेत या कंपनीनं शेवरोले कोबाल्टसारख्या लाखो गाड्या परत मागवल्या. दोष निघाला इग्निशन स्विचमध्ये. किल्लीला जड जुडगा अडकवला किंवा गुडघा लागला, की चालत्या गाडीत किल्ली फिरायची. इंजिन बंद आणि एअरबॅगही बंद! कंपनीच्याच भरपाई निधीनं या दोषामुळे १२४ जणांचा मृत्यू झाल्याचं मान्य केलं. कंपनीतल्या काही मंडळींना हा दोष जवळपास दशकभर आधीपासून ठाऊक होता.

आपल्याकडेही जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीनं १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. कारण होतं एअरबॅगचा कंट्रोलर. धडकेच्या वेळी एअरबॅग आणि बेल्टचा प्रीटेन्शनर काम करणार नाही, अशी शक्यता होती. त्यामुळे 'मशीन आहे, बिघडणारच' म्हणून सोडून देऊ नका. कंपनीकडून आलेलं रिकॉलचं पत्र किंवा मेसेज उद्यावर ढकलू नका. दुरुस्ती फुकट असते.

ग्राहक काही फिजिक्सचा प्रोफेसर नाही

आता मुद्द्याचं. कंपनी म्हणते धक्का पुरेसा नव्हता, आपण म्हणतो होता. सिद्ध कोणी करायचं?

दिल्लीच्या एका ग्राहकानं २०१५ मध्ये ह्युंदाई क्रेटा घेतली. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत हायवेवर अपघात झाला. एअरबॅग उघडल्या नाहीत. डोक्याला, छातीला, दातांना मार बसला. कंपनीचा बचाव ठरलेलाच होता : समोरून पुरेसा जोर नव्हता. प्रकरण राज्य ग्राहक आयोगातून राष्ट्रीय आयोगात आणि तिथून सुप्रीम कोर्टात गेलं. एप्रिल २०२२ मध्ये कोर्टानं ग्राहकाच्या बाजूनं कौल दिला. एकूण तीन लाखांची भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला. कोर्टाचं म्हणणं साधं होतं : वेग आणि बल यांचं गणित मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो. पुढून जोराची धडक बसली तर एअरबॅग उघडेल, असंच तो धरून चालणार. सेफ्टी दाखवून गाडी विकायची आणि वेळ आली की फॉर्म्युला दाखवायचा, हे चालणार नाही!

याचा अर्थ प्रत्येक केस जिंकाल असं नाही. पण 'अँगल' हा शब्द ऐकून निमूट घरी यायची गरज नाही, एवढं नक्की.

आणि आपली बाजू?

ती पण बघायला हवी, बॉस. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला चिकटवलेला गणपतीबाप्पा नेमका एअरबॅगच्या झाकणावर असतो. एअरबॅग उघडली, तर मूर्ती थेट समोरच्याच्या तोंडावर येईल. बाप्पा मधोमध, झाकणापासून लांब बसवा. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल आणि त्यावर बाजारातलं जाड सीट कव्हर चढवलं असेल, तर तिची वाटच बंद. पुढचा बुलबार सेन्सर्सचं गणित बिघडवतो. केंद्र सरकारनं २०१७ मध्येच राज्यांना अशा बुलबारवर कारवाई करायला सांगितलं होतं.

लहान मुलांना पुढच्या सीटवर बसवणं तर अजिबात नको. डिसेंबर २०२४ मध्ये वाशीत पुढच्या सीटवर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा एअरबॅग उघडल्यानंतर जीव गेला. पिशवी ताशी तीनशेच्या आसपास वेगानं बाहेर येते, तिला समोर कोण बसलंय याची दयामाया नसते.

शेवटचं आणि सगळ्यात मोठं म्हणजे बेल्ट. एअरबॅगचं तांत्रिक नाव 'सप्लिमेंटल' रिस्ट्रेंट सिस्टीम, म्हणजे पूरक. मुख्य हिरो बेल्टच. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, ते महागड्या मर्सिडीजमधून. मागे बसलेल्या दोघांनीही बेल्ट लावला नव्हता, असं तपासात पुढे आलं. एअरबॅग न उघडण्याची शक्यता कायम असतेच. बेल्ट मात्र आपल्या हातात असतो, अक्षरशः!

हे कराच!

• गाडी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. सतत चालू राहिला किंवा लागलाच नाही, तरी वर्कशॉप गाठा.

• सेकंडहँड गाडी घेताना एअरबॅग पूर्वी उघडली होती का, ते विचारा. कधी कधी नुसतं झाकण बसवून गाडी विकली जाते. स्कॅन करून घ्या.

• स्टिअरिंगपासून छाती किमान २५ सेंटिमीटर लांब ठेवा. डॅशबोर्डवर पाय टाकून बसणं बंद.

• अपघातात एअरबॅग उघडली नाही, तर गाडी लगेच दुरुस्तीला देऊ नका. चहूबाजूंनी फोटो काढा, पंचनाम्याची प्रत आणि हॉस्पिटलची कागदपत्रं जपा.

• कंपनीला ईमेल करून तपासणीचा अहवाल लेखी मागा. अनेक गाड्यांच्या एअरबॅग कंट्रोलरमध्ये धडकेचा डेटा साठलेला असतो, तोही मागा. तोंडी उत्तराला काडीची किंमत नसते.

• राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते.

पुढच्या वेळी एक्झिक्युटिव्ह 'सिक्स एअरबॅग्ज' म्हणाला, की त्याला एकच विचारा, 'उघडल्या नाहीत तर?' बघा काय उत्तर देतो ते.